पायलटांच्या युनियनच्या चुका कोण मोजतो?



गेल्या महिन्यात जरीमरीच्या समाजमंदिरात एक बैठक होती. विमानतळावर ठेकेदारामार्फत राबणारे कामगार नवी युनियन काढत आहेत. तिच्या घटनेचा मसुदा लिहून द्यायला मी गेले होते. सामान चढवणाऱ्या एका लोडरदादांनी सूचना मांडली की टॉयलेट धुणाऱ्या मावश्यांची यादी वेगळी ठेवावी. वर्गणी त्यांच्याकडूनही घ्यायची, पण वाटाघाटीच्या कमिटीत त्या नकोत. "त्यांचा प्रश्न वेगळा आहे ताई, त्यांच्यामुळे आपली मागणी मागे पडते." कोणी हरकत घेतली नाही. मावश्या भिंतीला टेकून गप्प बसल्या होत्या. मी बोलू लागले तेव्हा दुसरा एक जण मला समजावू लागला, "ताई, युनियन कशी असते ते पायलटांकडून शिका. त्यांची एकजूट बघा. तिथं कोणी असले फाटे फोडतं का?"

म्हणून मी पायलटांच्या युनियनबद्दल नीट वाचून काढले. एम.ए.ला असताना श्रमाचे समाजशास्त्र हा पेपर होता, तेव्हा थोडे वरवर वाचले होते. आता वाचले ते त्या बैठकीतला प्रश्न डोक्यात ठेवून. आणि जे सापडले ते त्या दादांच्या समजुतीच्या अगदी उलट आहे.

अमेरिकेत एअर लाइन पायलट्स असोसिएशन ही वैमानिकांची सर्वात मोठी संघटना. आद्याक्षरांवरून तिला 'आल्पा' म्हणतात. १९३१ मध्ये शिकागोत स्थापना, आज ७५ हजारांहून जास्त सभासद. या संघटनेने कुठे कुठे चूक केली आणि त्या चुकीला जबाबदार कोण, यावर तिचेच आजी-माजी सभासद वर्षानुवर्षे भांडत आले आहेत. १९८३ चा कॉन्टिनेन्टलचा संप फसला तो कोणामुळे? १९८९ मध्ये ईस्टर्नच्या मेकॅनिकांना पाठिंबा देऊन स्वतःची कंपनी बुडवून घेतली का? छोट्या कंपन्यांना उड्डाणे जाऊ दिली कोणी? २००१ मध्ये टीडब्ल्यूएच्या पायलटांना वाऱ्यावर कोणी सोडले? म्हातारे वैमानिकही या वादात इतके पेटतात की जणू काल घडले.

हा वाद होतो हे चांगलेच आहे. आपल्याकडच्या किती युनियन स्वतःच्या हरलेल्या संपाची चिकित्सा करतात? पण या वादातली चुकांची वही बारकाईने पाहा. तिच्यात आपले काय बुडाले याच्या नोंदी आहेत: आपला पगार, आपली पेन्शन, आपला ज्येष्ठता क्रमांक. आपण कोणाला बुडवले याचे पान जवळजवळ कोरे आहे. माझे भांडण या कोऱ्या पानाशी आहे. कारण ते पान कोरे ठेवणाऱ्यांना पुढे न्याय मागायची वेळ आली, तेव्हा हातात जो कायदा सापडला तो त्याच पानावरच्या एका माणसाने मिळवून दिलेला होता.

आधी टीडब्ल्यूए. हे प्रकरण समजायचे तर ज्येष्ठता यादी म्हणजे काय ते समजले पाहिजे. पायलटाच्या आयुष्यात पगारापेक्षा मोठी गोष्ट ही यादी असते. कोणते विमान उडवायचे, कोणत्या शहरात राहायचे, दिवाळी-नाताळला घरी असायचे की नाही, कॅप्टन कधी व्हायचे, मंदी आली की आधी कोणाला घरी बसवायचे, सगळे यादीतल्या क्रमांकावर ठरते. कंपनी बदलली की क्रमांक शून्यावर येतो, वीस वर्षांचा अनुभव असला तरी. कौशल्य तेच, विमान तेच, आकाश तेच, पण क्रमांक खालचा म्हणून माणूस खालचा. प्रत्येकाच्या वर कोणी, प्रत्येकाच्या खाली कोणी. खालच्याला पाहून समाधान मानायचे आणि वरच्याकडे पाहून जळायचे. बाबासाहेबांनी श्रेणीबद्ध विषमतेची जी चिकित्सा केली आहे ती वाचलेल्या माणसाला ही यादी ओळखीची वाटेल. फरक आहे, आणि तो लहान नाही: या यादीत माणूस वर सरकतो. जात सरकू देत नाही. म्हणून दोन्ही एकच असे मी म्हणणार नाही. पण यादीत वरच्याला खालच्याशी बंधुत्व का वाटत नाही, हे समजायला ती चिकित्सा उपयोगी पडते.

२००१ च्या सुरुवातीला दिवाळखोरीत निघालेली टीडब्ल्यूए अमेरिकन एअरलाइन्सने विकत घेतली. टीडब्ल्यूएचे सुमारे २,३०० पायलट आल्पाचे सभासद होते. अमेरिकनचे पायलट मात्र १९६३ मध्येच आल्पातून फुटून निघाले होते, त्यांची स्वतःची अलाइड पायलट्स असोसिएशन होती. टीडब्ल्यूएच्या पायलटांच्या करारात संरक्षण होते: कंपनी विलीन झाली तर दोन याद्या न्याय्य पद्धतीने एकत्र करायच्या, पटले नाही तर लवादाकडे जायचे. व्यवहार मोडेल, दिवाळखोरीचे न्यायालय करारच रद्द करील, असे सांगत त्यांना ते संरक्षण सोडायला लावले गेले. बदल्यात अमेरिकनने न्याय्य प्रक्रियेसाठी प्रयत्न करण्याचे आश्वासन दिले. प्रयत्नांचे आश्वासन! त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अमेरिकन आणि तिच्या पायलट युनियनने यादी ठरवली, आणि टीडब्ल्यूएचे निम्म्याहून अधिक पायलट तिच्या तळाला टाचले गेले. पायलटांच्या भाषेत याला 'स्टेपल करणे' म्हणतात. एक यादी संपते तिथे दुसरी पिन मारून जोडायची. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर विमान व्यवसाय कोसळला होताच. कपात खालून सुरू झाली आणि तळाला टाचलेले आधी गेले. त्यात अशी माणसे होती की ज्यांच्यापेक्षा कितीतरी वर्षांनी नोकरीला लागलेली अमेरिकनची मुले अजून उडत होती.

आता मुद्दा असा, की हे सगळे घडत असताना यांची स्वतःची युनियन काय करत होती? टीडब्ल्यूएच्या पायलटांनी २००२ मध्ये आल्पावर दावा लावला. त्यांचे म्हणणे असे की आल्पाचा डोळा अमेरिकनच्या हजारो पायलटांवर होता. ते परत आल्पात आले तर मोठी वर्गणी आणि मोठे बळ मिळणार होते. त्यांना दुखवायचे नाही म्हणून आमची बाजू लंगडी लढवली. खटला वर्षानुवर्षे रखडला. जुलै २०११ मध्ये न्यू जर्सीतल्या ज्युरीने निकाल दिला: आल्पाने आपल्याच सभासदांच्या न्याय्य प्रतिनिधित्वाचे कर्तव्य मोडले आणि त्यातून त्यांचे नुकसान झाले. २०१४ मध्ये ५ कोटी ३० लाख डॉलरवर तडजोड झाली.

बारा वर्षे! तोवर अनेकांच्या निवृत्तीचे वय जवळ आले होते. यादी बदलली नाही. पैसे मिळाले, क्रमांक मिळाला नाही. प्रतिवादी संघटना होती, त्या वेळी खुर्चीवर बसलेली माणसे नव्हती.

आणि एक गोष्ट, जी पायलटांच्या वादात तळटीप म्हणून येते, आली तर. टीडब्ल्यूएमध्ये सुमारे ४ हजार केबिन कर्मचारी होते. त्यात बायका बहुसंख्य. त्यांची यादी अमेरिकनच्या केबिन कर्मचाऱ्यांच्या युनियनने निम्मी नव्हे, सगळीच्या सगळी तळाला टाचली. २००३ पर्यंत ते सगळे घरी बसलेले होते. पायलटांमधल्या काहींना तरी मधल्या जागा मिळाल्या, यांना एकही नाही. त्यांच्या रागाची दखल घेऊन मिसुरीच्या मॅकॅस्किल आणि बॉन्ड या दोन सिनेटरांनी २००७ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून घेतली, आणि तेव्हापासून विलीनीकरणात याद्या न्याय्य पद्धतीने जोडणे बंधनकारक झाले. ज्यांच्यामुळे कायदा झाला त्यांना तो लागू झाला नाही.

आल्पाच्या बाजूने एक युक्तिवाद नेहमी केला जातो आणि तो ऐकून घेतला पाहिजे. युनियनचे नेते ज्योतिषी नसतात. वाटाघाटीच्या टेबलावर, रात्री दोन वाजता, कंपनी बुडण्याच्या भीतीत जो करार होतो त्याची चिरफाड दहा वर्षांनी आरामखुर्चीत बसून करणे सोपे असते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही हे मान्य केले आहे. कॉन्टिनेन्टलचा संप १९८५ मध्ये मिटवताना आल्पाने जी तडजोड केली तिच्याविरुद्ध काही पायलट न्यायालयात गेले होते. त्यांचे म्हणणे, यापेक्षा बिनशर्त कामावर परतलो असतो तरी बरे झाले असते. १९९१ च्या निकालात न्यायालयाने आल्पाची बाजू घेतली. तडजोड वाईट ठरली एवढ्याने कर्तव्यभंग होत नाही. निर्णय मनमानी, भेदभावाचा किंवा अप्रामाणिक असावा लागतो.

मला हा निकाल पटतो. चूक आणि दगाबाजी यात फरक केलाच पाहिजे, नाहीतर कोणी शहाणा माणूस युनियनचे पद घेणार नाही. पण हाच निकाल पुढे करून जे म्हणतात की झाले गेले विसरा, सगळे चांगल्या हेतूने झाले, त्यांना विचारायचे: मग २०११ चा निकाल कशाचा? तो अंदाज चुकल्याचा नव्हता. टेबलावर बसलेल्याचे हितसंबंध टेबलाच्या पलीकडे गुंतले होते आणि ज्यांच्या नावाने तो बसला होता त्यांना ते सांगितले गेले नाही, असा तो आरोप होता, आणि तो ज्युरीपुढे टिकला.

आता त्या कोऱ्या पानाकडे येते. 'न्याय्य प्रतिनिधित्वाचे कर्तव्य' हे तत्त्व टीडब्ल्यूएच्या पायलटांनी शोधले नाही. ते कोणत्याही पायलटाने मिळवलेले नाही. ते बेस्टर स्टील नावाच्या रेल्वेतल्या काळ्या फायरमनने मिळवले.

अलाबामात लुइव्हिल अँड नॅशव्हिल रेल्वेवर स्टील इंजिनात कोळसा घालायचे काम करत असे. फायरमनांची मान्यताप्राप्त युनियन गोऱ्यांची होती. काळ्यांना तिचे सभासदत्व नव्हते, पण कायद्याने त्यांच्या वतीने करार करायचा अधिकार त्याच युनियनला होता. तिने तो असा वापरला: १९४१ मध्ये कंपनीशी करार केला की कोणत्याही विभागात निम्म्याहून जास्त फायरमन काळे असता कामा नयेत. स्टील बऱ्यापैकी पगाराच्या पॅसेंजर गाड्यांवर होता. त्याला काढून त्याच्यापेक्षा नंतर लागलेले गोरे तिथे बसवले आणि त्याला जास्त कष्टाच्या, कमी पैशाच्या मालगाडीवर टाकले. ज्येष्ठता यादी तिथेही होती. ती कागदावर होती आणि रंगापुढे तिला किंमत नव्हती.

स्टील स्वतःच्याच 'प्रतिनिधी'विरुद्ध न्यायालयात गेला. त्याची बाजू चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन या काळ्या वकिलाने लढवली. डिसेंबर १९४४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, कायद्याने ज्याला सर्वांच्या वतीने बोलायचा अधिकार दिला त्याच्यावर सर्वांचे, सभासद नसलेल्यांचेही, भेदभावाशिवाय प्रतिनिधित्व करण्याचे कर्तव्य येते. मात्र त्यांना सभासद करून घ्या असे न्यायालय म्हणाले नाही. दार बंदच राहिले, पण दाराच्या आतल्यांना बाहेरच्यांचा जाब देणे भाग पडले.

हा निकाल ज्या रेल्वे लेबर ॲक्टखाली झाला तोच कायदा १९३६ पासून विमान कंपन्यांनाही लागू आहे. म्हणजे २०११ मध्ये न्यू जर्सीच्या न्यायालयात बहुतांशी गोऱ्या, टाय लावलेल्या कॅप्टनांनी जो हक्क बजावला, तो कोळशाने माखलेल्या काळ्या हातांनी मिळवलेला होता.

आणि १९४४ मध्ये त्या कॅप्टनांची युनियन कुठे होती? आल्पाच्या घटनेत सुरुवातीला सभासदत्व गोऱ्यांपुरते मर्यादित करणारे कलम होते. ते १९४२ मध्ये काढले गेले. काढल्यावरही कॉकपिट गोरेच राहिले. मार्लन ग्रीन हा हवाई दलातला अनुभवी काळा वैमानिक १९५७ मध्ये कॉन्टिनेन्टलकडे गेला, त्याच्यापेक्षा कमी तास उडवलेल्या गोऱ्यांना घेतले, त्याला नाही. त्याला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. १९६३ मध्ये तो एकमताने जिंकला आणि १९६५ मध्ये कॉकपिटमध्ये बसला. २०१० मध्ये कंपनीने एका विमानाला त्याचे नाव दिले. तोवर तो हयात नव्हता.

पायलटांच्या चुकांच्या यादीत १९८३ येते, १९८९ येते, २००१ येते. १९४२ पूर्वीचे ते कलम मात्र 'त्या काळची पद्धत' म्हणून बाजूला पडते. का? ते कलमही युनियनच्याच सभेत, युनियनच्याच शिक्क्याने झाले होते. पगार कमी करून घेणे ही चूक, आणि माणूस वगळणे ही पद्धत?

आपल्या वाचकांना स्टीलची गोष्ट वाचून मनमाड आठवले असेल. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला जी.आय.पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली, तेव्हा बाबासाहेबांनी हेच मांडले होते. अस्पृश्य कामगार गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच संपतो, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरचे कामही करावे लागते आणि तिथे अस्पृश्य चालत नाही. वर्कशॉपात मेकॅनिक म्हणून घेत नाहीत. आणि कामगार एकजुटीच्या गोष्टी करणाऱ्या युनियन यावर गप्प. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू, हे त्यांचे विधान त्याच भाषणातले. गिरण्यांच्या विणकाम खात्याचेही तेच. तुटलेला धागा तोंडाने ओला करून जोडावा लागतो म्हणून अस्पृश्याला तिथे मज्जाव, आणि १९२८ च्या संपात हा प्रश्न मागणीपत्रात यावा म्हणून बाबासाहेबांना संपाच्या नेत्यांशी झगडावे लागले. अलाबामाचे इंजिन आणि मनमाडचे स्टेशन यांची एकमेकांना माहिती नव्हती, युनियन मात्र दोन्हीकडे एकाच पद्धतीने वागत होती.

या सगळ्याला 'अस्मितेचे राजकारण' म्हणून झटकणारे लोक असतात. त्यांच्यासाठी शुद्ध संपांचाच इतिहास घेऊ.

ऑगस्ट १९८१. अमेरिकेच्या हवाई वाहतूक नियंत्रकांनी संप केला. सुमारे १३ हजार लोक बाहेर पडले. अध्यक्ष रेगन यांनी ४८ तासांची मुदत दिली आणि ११,३४५ जणांना काढून टाकले. पायलट काय करत होते? उडत होते. आल्पाचे तेव्हाचे अध्यक्ष ओ'डॉनेल यांनी नियंत्रकांशिवायही आकाश सुरक्षित असल्याची जाहीर ग्वाही दिली. ज्या दिवशी पायलट म्हणाले असते की नियंत्रकांशिवाय आम्ही उडणार नाही, त्या दिवशी रेगनना बोलणी करावीच लागली असती असे माझे मत आहे. कोणी त्याला आरामखुर्चीतले म्हणू शकेल.

दोन वर्षांनी, ऑगस्ट १९८३ मध्ये, कॉन्टिनेन्टलच्या मेकॅनिकांनी संप केला. पायलट त्यांच्या रांगेतून आत गेले आणि उडत राहिले. सप्टेंबरच्या २४ तारखेला कंपनीचे मालक फ्रँक लोरेन्झो यांनी दिवाळखोरीचा अर्ज केला, करार फाडले, १२ हजारांना काढले आणि त्यातल्या सुमारे ४ हजारांना जवळपास अर्ध्या पगारावर परत बोलावले. मग १ ऑक्टोबरला पायलट संपावर गेले. तेव्हा त्यांना आठवले की कामगार एकजूट नावाची काही गोष्ट असते! दोन वर्षे संप चालला आणि हरला. जे पायलट संप मोडून आत गेले त्यांची नावे आजही संपफोड्यांच्या यादीत आहेत, आणि तीस-चाळीस वर्षांनीही त्यांच्याशी हात न मिळवणारे पायलट आहेत. मला या यादीचे नेहमी आश्चर्य वाटते. १९८३ च्या ऑक्टोबरमध्ये आत गेलेला तो संपफोड्या. ऑगस्टमध्ये मेकॅनिकांच्या रांगेतून आत गेलेले सगळे मात्र कोणत्याच यादीत नाहीत.

१९८९ मध्ये ईस्टर्नमध्ये पुन्हा तोच लोरेन्झो, पुन्हा मेकॅनिकांचा संप. या वेळी पायलट त्यांच्यासोबत बाहेर थांबले. मार्चपासून नोव्हेंबरपर्यंत. मग त्यांनी माघार घेतली, आणि जानेवारी १९९१ मध्ये ईस्टर्न कायमची बंद पडली. अनेक जुन्या पायलटांचा निष्कर्ष असा की दुसऱ्याच्या संपात पडलो हीच सर्वात मोठी चूक. ज्याची नोकरी गेली, घर गेले, त्याच्या तोंडी हे वाक्य येणे मी समजू शकते. पण हिशेब म्हणून ते चुकीचे आहे. लोरेन्झोला १९८३ मध्ये शिकायला मिळाले होते की मेकॅनिक बाहेर असले तरी पायलट उडतात, आणि पायलट बाहेर आले तरी त्यांच्या जागी माणसे मिळतात. तो धडा त्याला कोणी शिकवला? आठ वर्षे उशिरा आलेली एकजूट हरली, याचा दोष एकजुटीला कसा द्यायचा?

छोट्या कंपन्यांच्या बाबतीत तर वरच्यांनी खालच्यांचा थर स्वतःच तयार होऊ दिला. मोठ्या कंपन्यांच्या पायलटांनी आपल्या करारांत सवलती देत लहान विमानांची उड्डाणे स्वस्त प्रादेशिक कंपन्यांकडे जाऊ दिली. आपला पगार टिकला, तेवढे पुरे. तिकिटावर नाव मोठ्या कंपनीचे, कॉकपिटमध्ये तुटपुंज्या पगाराचे तरुण. फेब्रुवारी २००९ मध्ये बफेलोजवळ अशा एका कंपनीचे विमान कोसळून ५० माणसे मेली. चौकशीत सहवैमानिक तरुणीचा पगार वर्षाला १६ हजार डॉलरच्या आसपास असल्याचे पुढे आले. नंतर कंपनीने आकडा २४ हजारांच्या जवळ सांगितला. ती देशाच्या दुसऱ्या टोकाला आईवडिलांकडे राहायची आणि रात्रभर प्रवास करून कामावर आली होती. तेव्हा कुठे मोठ्या पायलटांमध्ये बोलणे सुरू झाले की सवलती देण्यात आपलीही चूक होती.

आता कोणी म्हणेल, ही सगळी अमेरिकेची कथा. तर मुंबईत या. २००७ मध्ये एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स एक झाल्या. कागदावर. पायलटांच्या युनियन दोनच राहिल्या. २०११ मध्ये पूर्वीच्या इंडियन एअरलाइन्सच्या पायलटांनी समान वेतनासाठी दहा दिवसांचा संप केला. २०१२ मध्ये पूर्वीच्या एअर इंडियाच्या पायलटांची इंडियन पायलट्स गिल्ड संपावर गेली, आणि तिची मुख्य मागणी काय होती? नव्या ड्रीमलायनर विमानांचे प्रशिक्षण दुसऱ्या गटाच्या पायलटांना देऊ नये! संप ५८ दिवस चालला. दिल्ली उच्च न्यायालयाने तो बेकायदा ठरवला, १०१ पायलट बडतर्फ झाले, गिल्डची मान्यता गेली, आणि शेवटी जुलैमध्ये मुकाट्याने परतावे लागले. ज्येष्ठता आणि बढतीबाबत गिल्डच्या भीतीत तथ्य नव्हते असे मी म्हणत नाही. विलीनीकरण वरून लादलेले होते आणि सरकारने ते वाईट रीतीने हाताळले. पण संपाचे टोक सरकारकडे नव्हते, शेजारच्या खुर्चीकडे होते. सरकारला एका वर्षी एका गटाला वाकवता आले, पुढच्या वर्षी दुसऱ्याला. पुढे कंपनी टाटांकडे गेली आणि एप्रिल २०२३ मध्ये नव्या वेतनकराराविरुद्ध या दोन्ही युनियन एकत्र उभ्या राहिल्या. अकरा वर्षांपूर्वी हे का जमले नाही, याचा जाहीर खुलासा कोणत्या बाजूने झाला?

उत्तरदायित्वाची मागणी केली की एक वाक्य हमखास येते: "घरातले भांडण चव्हाट्यावर आणू नका, मालकाचे फावेल." हे वाक्य आल्पातही चालते आणि जरीमरीतही चालते. मी उलट विचारते, लोरेन्झोचे फावले ते कोणी चव्हाट्यावर बोलल्यामुळे का? टीडब्ल्यूएच्या पायलटांना टेबलामागचे हितसंबंध वेळेवर कळले असते तर मालकाचे फावले असते की त्यांचे? गुप्ततेचा फायदा प्रत्येक वेळी ज्याच्याकडे शिक्का आहे त्याला झाला. खाली असलेल्याला घरातले भांडण घरात मिटवायची सोयच नसते, कारण त्या घरात त्याला बसायला जागा दिलेली नसते. स्टीलला युनियनच्या सभेत उभे राहता येत नव्हते. तो कोणत्या घरात बोलणार होता?

म्हणून मसुद्यात मी तीन कलमे घातली आहेत. वाटाघाटीला बसणाऱ्याने आपले दुसरीकडचे हितसंबंध आधी सभेपुढे लेखी सांगायचे. ज्या गटाच्या हक्कावर पाणी सोडायचे आहे त्या गटाचे वेगळे मतदान झाल्याशिवाय सही करायची नाही, बहुमत कितीही असो. आणि कमिटीत प्रत्येक कामाचा माणूस, टॉयलेट धुणाऱ्या मावश्यांसह, सभासद म्हणून आणि मत असलेला.

पहिल्या दोन कलमांना बैठकीत कोणी फारसा विरोध केला नाही. तिसऱ्यावर अजून अडले आहे. लोडरदादांचे म्हणणे, आधी युनियन उभी राहू द्या, मग बघू. मावश्यांपैकी एकीने परवा मला घरी बोलावून विचारले की कमिटीत बसायचे तर ड्युटी कोण सांभाळणार, आणि सही करायला लागते का. मी म्हटले, सही शिकता येईल, ड्युटीचे बघू. पुढची बैठक रविवारी आहे, संध्याकाळी सहा वाजता, त्याच समाजमंदिरात.